विशेषण शेवटी

"सतरा! एका यादीत सतरा बेस्ट. म्हणजे बाकीचे सगळे काय झक मारायला आले होते?"

सासरे माझ्या कानाशी पुटपुटले. कानाशी म्हणजे अगदी कानाशीच. आमचं दुकान इतकं चिंचोळं आहे की बाकड्याच्या अलीकडे-पलीकडे बसलं तरी गुडघ्याला गुडघा लागतो, आणि एकाला शिंक आली तर दुसऱ्याच्या हातातल्या कोरणीचा नेम चुकतो. काउंटरपलीकडे शाळेच्या बाई उभ्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असावं, पण त्या दरवर्षी येतात, त्यांना सवय आहे.

"वाच पुढं," सासरे मला म्हणाले. "मोठ्यानं वाच. शब्द कानाला कळू दे."

"बेस्ट वक्ता. बेस्ट खेळाडू. बेस्ट हजेरी. बेस्ट हस्ताक्षर."

"हजेरीत कसलं आलंय बेस्ट? पोरगं रोज आलं, संपलं. 'अखंड हजेरी' लिही. आणि हस्ताक्षराचं काय, बाई? कोण आहे ती?"

"पाचवीतली मुलगी आहे एक."

"बरं. काय करते ती?"

"काय करते म्हणजे... सुरेख काढते हो अक्षर."

"मग 'सुरेख हस्ताक्षर'. शब्द तुमच्याच तोंडात होता की! उगाच परक्याच्या दारात गेलात मागायला."

बाई हसल्या. मी यादीवर लिहून घेतलं. अशी ती सतरा बेस्ट एकेक करून सोलली गेली. अर्धा तास गेला, पण सतरा मुलांना सतरा वेगळे शब्द मिळाले. गेली कितीतरी वर्षं मी हे बघतेय, तरी दरवेळी मला वाटतं की दुकानात काहीतरी घडलं. कुणीतरी आत येताना ढीगभर एकसारखे गोटे घेऊन येतो आणि जाताना त्याच्या हातात प्रत्येकाचं वेगळं नाव असतं.

आमचा धंदा पितळेवर अक्षरं कोरण्याचा. घराच्या पाट्या, दवाखान्याच्या पाट्या, ढालींवरच्या पट्ट्या, कोनशिला नव्हे पण त्यांच्या खालच्या ओळी. सासऱ्यांनी पंचेचाळीस वर्षं हे केलं. दुकानाचे नियम दोनच. पहिला, कुणी 'बेस्ट' म्हणत आलं की विचारायचं, "त्यानं काय केलं?" दुसरा, नाव, तारीख, गाव आधी कोरायचं आणि विशेषण शेवटी. "नाव बदलत नाही," सासरे म्हणायचे. "कौतुक बदलतं. आज ज्याला आदर्श म्हणतात, त्याचं परवा मंडळाशी वाजतं. मग पितळ पुसायला माझ्याकडे येतात. पितळ पुसता येत नाही." म्हणून आमच्याकडे नेहमी दोन-चार पाट्या मधेच कोऱ्या ठेवलेल्या दिसतील. सगळं आहे, फक्त शब्दाची जागा तेवढी मोकळी.

आणि दुकानात एक डबा आहे. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात बोटभर लांबीचे पितळेचे तुकडे. कापून उरलेल्या पट्ट्यांवर सासऱ्यांनी तरुणपणापासून एकेक शब्द कोरून ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. उत्तम. उत्कृष्ट. अव्वल. सरस. नामवंत. निष्णात. पट्टीचा. तरबेज. बिनतोड. अजोड. मी लग्न होऊन आले तेव्हा नववी नापास होते, आणि खरं सांगायचं तर माझी शाळा तो डबा आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तुकडे काढून पुसायची आणि विचारायची.

"बाबा, उत्तम आणि उत्कृष्ट यात फरक काय?"

"उत्तम हा घरातला. चहा उत्तम, तब्येत उत्तम, चाललंय उत्तम. उत्कृष्ट हा कामाला लावायचा, माणसाला नाही. उत्कृष्ट बायको म्हणालीस तर ती भांडं फेकून मारेल."

"आणि अव्वल?"

"घड्याळ नाहीतर फूटपट्टी असेल तिथंच. धावण्यात अव्वल. प्रेमळपणात अव्वल कसा असेल? कोण मोजणार?"

पट्टीचा म्हणे पोहणारा असतो, खाणारा असतो, पण पट्टीचा मुख्याध्यापक म्हटलं की पोरं खिदळतात. तरबेज म्हणताना माणूस कौतुक करतो, पण एक हात खिशावर ठेवून. सरस दोघांमध्येच चालतं, तिसरा आला की सरसचं काम संपलं. अजोड मात्र जपून. "गेलेल्याला शोभतं," सासरे म्हणायचे. "जिवंत माणसाला अजोड म्हटलं की शेजारी रुसतात."

सगळे तुकडे बोटं लागून लागून उजळ झालेले. एकच तळाशी काळा पडलेला होता. मी तो घासून वाचला. सर्वोत्तम.

"हा का असा?"

"कधी बाहेर काढलाच नाही ना. पितळाला हात लागला नाही की ते रुसतं."

"पण का नाही काढला?"

सासऱ्यांनी कोरणी खाली ठेवली. "सर्वोत्तम म्हणायचं तर आधी सगळं बघितलेलं पाहिजे. कुणी बघितलंय सगळं? मी तर नाही." मग कोरणी उचलून म्हणाले, "कुणी हटूनच बसला तर कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे पाठव. त्याच्याकडे बेस्ट ढिगानं निघतात."

आता मुख्य गोष्ट सांगते, जी आमच्या घरात कुणी सांगत नाही.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी सासरे दवाखान्याची पाटी कोरत होते. मी समोर बसून नाव वाचून दाखवत होते. कोरणी टेकवली, आणि ती खुणेच्या रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढी दूर टेकली. त्यांनी अंगठ्यानं रेघ चाचपली. पुन्हा टेकवली. पुन्हा दूर. मग कोरणी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "आज कंटाळा आलाय. तू कर."

मी कोरलं. येत होतं मला. कुणी शिकवलं नव्हतं, पण समोर बसून बारा वर्षं बघत होते. गंमत अशी, की समोर बसून बघितल्यामुळे मी अक्षरं उलटीच शिकले. शिरोरेघ माझ्या पोटाशी आणि उकार तिकडं लांब, डोंगरावर. आजही मी पाटी उलटी ठेवूनच कोरते. सुलट ठेवली की हात थिजतो. त्या दिवशी मला लाज वाटली. सासऱ्यांनी माझी पहिली ओळ अंगठ्यानं सावकाश वाचली आणि म्हणाले, "उलटं कोरतेस तेच बरं. सुलट बसणारा शब्द वाचत बसतो. तुला नुसतं अक्षर दिसतं."

तो कंटाळा सहा वर्षं टिकला. असा टिकाऊ कंटाळा कुणी बघितला नसेल. गिऱ्हाईक आलं की सासरे कोरणी हातात धरून दारातल्या उजेडात बसतात. मी यादी मोठ्यानं वाचते. "शब्द कानाला कळू दे" हे तेव्हापासूनचं. रस्त्यानं जाताना ते माझं कोपर धरतात आणि लोकांना सांगतात, "सुनेला घाई फार, धरून ठेवावं लागतं." सासूबाई त्यांच्या ताटात वाटी नेहमी त्याच जागी ठेवतात. नवरा म्हणतो, "बाबांना हल्ली कंटाळा येतो." डॉक्टरांचं नाव कुणी काढलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

मीही त्यातलीच. मी का बोलू? बोलले तर त्यांचं नाव जाईल.

आणि नाही बोलले तर माझं. हे मात्र मला कळायला उशीर लागला. कळलं ते वाचनालयाच्या पाटीपायी.

वाचनालयाला शंभर वर्षं झाली म्हणून, ज्यांनी ज्यांनी पुस्तकं दिली त्या दोनशे बारा माणसांची नावं एका पितळी पाटीवर कोरायची होती. दारापेक्षा उंच पाटी. चार महिने लागले. रोज दुकान बंद करण्याआधी सासरे त्या दिवसाची नावं अंगठ्यानं वाचायचे, तोंड रस्त्याकडे. येणारे-जाणारे म्हणायचे, बघा, उस्ताद माणूस, न बघता काम तपासतो! एकदा अंगठा थांबला. "एकशे चाळिसावं. दुसरी वेलांटी. उथळ आहे." मी भिंग लावून बघितलं. केसाएवढी उथळ होती. माझ्या अंगावर काटा आला. एवढा अंगठा मी कुणाचा बघितला नाही.

पाटी लागली त्या दिवशी वाचनालयात गर्दी होती. एक म्हातारी बाई काठी टेकत पुढं आली, ओळींवरून बोट फिरवत फिरवत एका नावाशी थांबली आणि म्हणाली, "आई." एवढंच. बोट काही तिनं उचललं नाही. मागच्या लोकांनी वाट बघितली, कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, हे मी केलंय? ओट्यावर भाजी चिरणाऱ्या या हातांनी? छाती एवढी भरून आली की भीती वाटली. तेवढ्यात मागून आवाज आले, "बाबांचा हात आहे बरं का! या वयात!" सासरे माझं कोपर धरून उभे होते. पकड एकदम घट्ट झाली.

त्यानंतर महिन्याभरानं कारागीर मंडळाचे चिटणीस दुकानात आले. सासरे समोर चहाला बसले होते ते बघूनच आले.

"वहिनी, गुपित हं. मंडळ यंदा बाबांना पुरस्कार देतंय. बेस्ट कोरीव कारागीर. त्या वाचनालयाच्या पाटीसाठी. मान्यवरांनी एकमतानं ठरवलं." त्यांनी चिठ्ठी पुढं केली. "आता मानपत्राची पाटी कोरायची कुणाकडून? मशीनवाल्याकडून केली तर बाबा ती माझ्याच डोक्यात घालतील. तुम्हीच करा गुपचूप."

"मी?"

"अहो, बघून बघून दोन अक्षरं तुम्हालाही येत असतीलच की! थोडं वाकडंतिकडं झालं तरी चालेल. घरचीच पाटी."

मी चिठ्ठी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. हसू आवरलं. रडू त्याच्याबरोबरच आवरलं गेलं.

पाटी दुकानात करणं शक्यच नव्हतं, त्यांच्या कानानं ती पहिल्या घावात ओळखली असती. म्हणून दुपारी सासरे जेवून पडले की मी स्वयंपाकाच्या ओट्यावर टॉवेल दुमडून त्यावर कोरायची, आणि हातोडीचा आवाज झाकायला सासूबाई मिक्सर लावायच्या. रिकामा. आठवडाभर आमच्या घरात रोज दुपारी रिकामा मिक्सर फिरत होता.

तिसऱ्या दिवशी सासूबाई मिक्सर बंद करून पाटीवर वाकल्या. वाचनालयाची ओळ त्यांनी वाचली.

"त्या पाटीसाठी देतायत?"

"हो."

"त्यांचा मान आहेच म्हणा. पंचेचाळीस वर्षं."

"आहेच."

"हल्ली जरा कंटाळा येतो, एवढंच." मग माझ्याकडे न बघता माझ्या पाठीवरून एकदाच हात फिरवला, आणि मिक्सर पुन्हा लावला.

मंडळाचं नाव कोरलं, सासऱ्यांचं नाव कोरलं. साल कोरलं. 'वाचनालयातील दोनशे बारा नावांच्या पाटीसाठी' कोरलं. खाली 'कोरीव कारागीर'. त्याआधीची जागा कोरी. नियमच तो, विशेषण शेवटी. आणि मग मी डबा घेऊन बसले.

त्यानं काय केलं?

पंचेचाळीस वर्षं केलं त्याला शब्द होते. निष्णात. सिद्धहस्त. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण पाटीवर तर वाचनालयाचं काम लिहिलेलं होतं, आणि त्या कामात त्यांनी काय केलं होतं? दारात बसले. अंगठ्यानं दोनशे बारा माणसं वाचली. एक वेलांटी पकडली. रोज संध्याकाळी "बरं झालंय" म्हणाले. हे ज्याच्याशिवाय झालं नसतं, पण ज्यानं केलं नाही, त्याला काय म्हणतात? डब्यात तसा शब्द नव्हता. एवढा पंचेचाळीस वर्षांचा डबा, आणि नेमका हाच नव्हता. मी एकेक तुकडा कोऱ्या जागेवर ठेवून बघत होते. सर्वोत्तमचा काळा तुकडासुद्धा ठेवला. काढला. खोटं बोलताना बोलणं हवेत विरतं. पितळेवर ते राहतं.

आणि खरं सांगू? एकदा, मिक्सर चालू असताना, मी मनातल्या मनात त्या जागेवर 'सून' लिहिलं. मग ओट्यावरचा पितळेचा कीस पुसून टाकला आणि भाजी चिरायला घेतली.

समारंभ शनिवारी पाच वाजता. मी ठरवलं, शनिवारी दुपारी जो सुचेल तो शब्द. शनिवारी शाळेची सतरा पदकं पोचवायला गेले, तिथंच चार वाजले. परत येते तो सासूबाई दारात, खूश. "चिटणीस येऊन पाटी घेऊन गेले गं. तू कागदात गुंडाळून ठेवलीच होतीस, मी दिली."

"आई, त्यात शब्द राहिलाय!"

त्यांना काही कळेना. मी तशीच सभागृहात गेले. पाटी मंचावरच्या टेबलावर, मखमलीच्या कापडाखाली. चिटणीस पाहुण्यांना पाणी देत होते. "वहिनी, आता काय काढता? पंधरा मिनिटांत येतायत सगळे. बाबांना घेऊन या, जा." आणि चिटणिसांना मी सांगणार तरी काय? की तुमच्या बेस्टच्या जागी मला काही सुचलं नाही?

सासऱ्यांना मंडळाची नेहमीची सभा म्हणून आणलं होतं. स्वतःचं नाव पुकारलं तेव्हा ते क्षणभर बसूनच राहिले. मग त्यांचा हात माझं कोपर शोधत आला, आणि आम्ही दोघं पायऱ्या चढलो. मी हळूच "एक, दोन, तीन" म्हटलं. टाळ्या इतक्या होत्या की कुणाला ऐकू गेलं नसेल.

अध्यक्षांनी समोरचा कागद वाचला. "आपल्या शहराचे सर्वोत्तम कोरीव कारागीर. वाचनालयातल्या अद्वितीय पाटीसाठी." मखमल काढली आणि पाटी त्यांच्या हातात ठेवली. लोक उभे राहिले. सासऱ्यांनी तोंड सभागृहाकडे ठेवलं आणि अंगठा पाटीवर. टाळ्या थांबेपर्यंत तो अंगठा पहिली ओळ संपवून दुसरीवर आला होता. मंडळाचं नाव. स्वतःचं नाव. साल. वाचनालयातील. दोनशे बारा. नावांच्या. पाटीसाठी. मग कोरी जागा. अंगठा थांबला. मागे गेला, पुढं आला. पुन्हा त्या गुळगुळीत जागेवरून फिरला. सगळं सभागृह त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतं, आणि कुणाला कळत नव्हतं आपण काय बघतोय, तरी खुर्चीसुद्धा वाजत नव्हती.

सासरे हसले. माझ्याकडे मान वळवून हळूच म्हणाले, "उलटी ठेवून कोरलीस. ओट्यावर. तरीच मिक्सर." मग आणखी हळू, "शब्द नाही सापडला होय?"

"नाही, बाबा."

"कसा सापडेल?"

चिटणिसांनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला, बाबा दोन शब्द बोलतील म्हणून. सासऱ्यांनी माझं कोपर सोडलं नाही.

"अध्यक्षमहाराज, आमच्या दुकानात एक प्रश्न विचारतात. तुम्हाला विचारतो. त्यानं काय केलं?"

"कुणी, बाबा? तुम्ही?" अध्यक्ष गोंधळले. "अहो, ती वाचनालयातली पाटी. सगळ्या गावानं बघितलीय. इतकं सुबक काम आम्ही तरी कुठं बघितलं नाही."

"मी नाही बघितलेली ती."

लोक हसले. काय विनय आहे, असं कुणीतरी पुढच्या रांगेत म्हणालं. सासूबाई तिथंच बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. माझा नवरा छताकडे बघत होता.

"हसू नका," सासरे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. "ती बोटानं वाचलीय मी, सगळी, दोनशे बारा. बघितलेली नाही. ती माझ्या सुनेनं कोरलीय. गेल्या सहा वर्षांत आमच्या दुकानातून जे अक्षर बाहेर पडलं ते हिचं आहे, माझं एकही नाही." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली, आणि द्यायला हात पुढं केला तो थोडा चुकून माझ्या खांद्याला लागला, मग खाली येऊन माझी बोटं सापडली. सगळ्यांनी ते बघितलं.

"मला दिसत नाही," सासरे म्हणाले.